निम्मा धरलेला लोड

हे अजून माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोसमोर नाही, देवासमोर तर नाहीच — तिथं मी नारळ फोडतो आणि काढता पाय घेतो. तुम्हाला सांगतोय. पण ऐकून 'बिचारा' म्हणू नका, त्या शब्दानं माझं डोकं फिरतं.

मी भंडाऱ्यात वायरिंगची कामं घेतो. लायसनवाला आहे. नवी इमारत उभी राहिली की कुठल्या गाळ्याला किती वीज लागेल याचा, म्हणजे लोडचा, हिशोब मी करतो, खाली सही ठोकतो. बसस्टँडकडच्या एका कॉम्प्लेक्सचा हिशोब असाच केला. गाळे रिकामे होते. रिकाम्या गाळ्यात कोण येणार, काय लावणार — कुणाला ठाऊक? म्हणून आमच्यात एक रीत आहे: प्रत्येक गाळ्यात कापडाचं दुकान धरायचं. थोडे दिवे, पंखे, एक कूलर. मग म्हणायचं, सगळे एकाच वेळी थोडंच चालवतात? आणि बेरीज निम्मी करायची.

थोडंच चालवतात! मी काय काश्मीरचा आहे? भंडाऱ्याचा मे महिना मला माहीत नाही? भर दुपारी बाजारात एक कूलर बंद सापडला तर दाखवा. तरी निम्मं केलं. खरा आकडा धरला असता तर इमारतीला स्वतःची डीपी, म्हणजे वेगळा ट्रान्सफॉर्मर, बसवावी लागली असती, आणि तिच्यासाठी मालकाचा रस्त्यावरचा गाळा गेला असता. मालकानं तोंड वाकडं केलं, मी लगेच पेन काढलं. पण एवढंच असतं तर मी तुमच्यासमोर बसलो नसतो.

कोपऱ्यातला गाळा अड्याळच्या सुमनताईंनी घेतला. घरी धानाची शेती, पण यांना स्वतःचं काही उभं करायचं होतं — शेवयांचं मशीन आणि पिठाची चक्की. गाळा घ्यायच्या आधी त्या मुद्दाम मला विचारायला आल्या. "भाऊ, साडेसातची मोटर हाय. पुरन ना लाईन?" मालक शेजारीच उभा होता. मी म्हटलं, "पुरते ना ताई, बिनधास्त लावा." मोटर आली तेव्हा तिच्यावरची पट्टी मी स्वतः वाचली. साडेसात हॉर्सपॉवरच होती. जोडणीही मीच करून दिली.

उन्हाळा आला. शेवयांचा हंगाम, सगळे कूलर सुरू — आणि माझ्या निम्म्या आकड्यावर बसवलेलं जिन्याखालचं मेन पॅनल जळालं. भाजलं कुणी नाही, पण धूर दुकानादुकानांत शिरला, माल काळा पडला. लोक जमले, ओरडू लागले. कुणामुळे झालं हे? सगळे माझ्याकडे बघत होते. मालकही.

मी चक्कीकडे बोट दाखवलं.

"भाऊ, तुमीच तं म्हनलं होतं, पुरते म्हून," सुमनताई म्हणाल्या. आणि मी काय म्हणालो माहीत आहे? म्हणालो, "तुम्ही सांगितली त्यापेक्षा मोटर मोठी निघाली." पट्टी कुणी वाचू नये म्हणून मोटरीला पाठ लावून उभा होतो. वाचायला आलं तरी कोण? खेड्यातली बाई, तिला मोटरीतलं काय कळणार — किती पटकन पटलं सगळ्यांना! त्या लोकांची चीड येते मला. हो, येते. पण ते वाक्य त्यांच्या तोंडात भरवलं कुणी?

मालकानं गाळा काढून घेतला. चक्की टेम्पोत चढेपर्यंत दुकानदार त्यांना टाकून बोलत होते. मी दोर बांधायला हात लावला. मदत केली — ऐकताय ना? मदत!

परवा अड्याळच्या बाजारात त्या समोर आल्या. आता दुसऱ्याच्या चक्कीवर मजुरीनं दळतात. मला वाटलं, चारचौघांत माझी लाज काढणार. काढायलाच हवी होती! त्यांनी आवाज खाली घेतला.

"भाऊ, मोटर इकनाऱ्यानंच मले मोठी देली असन. मले काय समजते त्यातलं? माह्यापायी तुमाले लोकाईचं आयकावं लागलं. माफ करा."

खरं तिथंच सांगता आलं असतं. अडवलं कुणी होतं?

"जाऊ द्या ताई," मी म्हटलं. "होते असं."

मी त्यांना माफ केलं.