तोंड न लावता

मी बोलण्याच्या आणि गिळण्याच्या उपचारांचं काम करते. लोकांना वाटतं, बोबड्या मुलांना बोलतं करते. म्हातारपणी पाण्याचा घोटसुद्धा नव्यानं शिकावा लागतो, हे सांगून सांगून माझंच तोंड दुखलं.

बोगादीच्या आमच्या वृद्धसेवा केंद्रात एक आजी होत्या. पिढ्यान् पिढ्या म्हैसूरच्या, आमच्यासारख्याच घरी मराठी बोलणाऱ्या. पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. माझ्या चमच्यानं सगळं व्यवस्थित गिळायच्या; मी पाठ फिरवली की मात्र पाण्याला ठसका, कॉफीला ठसका. घोट फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया व्हायची भीती, म्हणून डॉक्टरांनी बजावलं, "सोमवारपर्यंत बघू, नाहीतर पोटात नळी." त्यांचा मुलगा मान खाली घालून "बरं" म्हणाला. मी मनात म्हटलं, बघतेच कशी घालतात ती!

दुसऱ्या दिवशी मुद्दाम कॉफीच्या वेळेला जाऊन बसले. नर्सनं स्टीलचा पेला दिला, आमच्याकडे त्याला लोटाच म्हणतात. आजींनी तो उंच धरला, मान मागे टाकली आणि वरून धार सोडली. खोकून खोकून जीव कासावीस! अय्यो, आमच्या घरीही सगळे असंच पितात की, भांडं उष्टं होऊ नये म्हणून. पण मान मागे गेली की अशक्त घशातून घोट श्वासनलिकेत घसरतो.

"आजी, आता तोंड लावून प्यायचं. हनुवटी खाली."

"शी!" जीभ जड झालेली, पण एवढं मात्र स्वच्छ आलं.

मुलाला घरून त्यांचा स्वतःचा लोटा आणायला लावला. "हा फक्त तुमचा. दुसरं कुणी शिवणार नाही." तरी तोंड फिरवलं. मग माझंही डोकं फिरलं. "आजी, लोटा ओठाला नाहीतर नळी पोटाला. काय ते ठरवा. मी इथून हलत नाही."

कॉफी निवली. परत गरम करून आणली. मुलगा "राहू दे हो" म्हणायला लागला, त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. बऱ्याच वेळानं आजींनी डोळे मिटले, हनुवटी खाली घेतली आणि काठाला ओठ लावले. माझं बोट त्यांच्या गळ्यावर होतं. घोट खाली गेला. दुसराही गेला. ठसका नाही.

लोटा रिकामा झाल्यावर त्यांनी माझ्याकडे रागानं बघितलं.

"बाटवलंस की गं मला." अडखळत, पण पुरतं वाक्य. मग लोटा पुढे केला. "घाल आता अजून."