डॉक्टरभाऊ दारावर आले नाहीत

लहानपणी भडगावला डॉक्टरभाऊंच्या दवाखान्यात जायचं म्हणजे मला अर्धी जत्राच वाटायची. बाहेरच्या बाकावर अख्ख्या गावाच्या गप्पा चालायच्या, आत स्पिरिटचा वास यायचा, आणि डॉक्टरभाऊ जीभ बघून आदल्या दिवशी घरात काय शिजलं ते सांगायचे. "शेवभाजी झाली वाटतं काल? आणि मला बोलावलं नाही?" तापानं फणफणलेलं पोरही हसायचं. आमच्या आबांची, म्हणजे वडिलांची आणि त्यांची दोस्ती अशी, की तपासणी थोडी आणि चेष्टामस्करीच फार. आबांना पित्ताचा जुना त्रास. ते पायरी चढायला लागले की डॉक्टरभाऊ खुर्चीतूनच ओरडायचे, "काय खाल्लं ते आधी कबूल करा!"

आता मी धुळ्याला राहते. इथल्या दवाखान्यात टोकन मिळतं, काचेमागची मुलगी मोबाइल नंबर विचारते, आणि डॉक्टर माझ्याऐवजी रिपोर्टकडे बघतात. दर वेळी मला तो बाक आठवतो. आठवायचा नाही असं ठरवते, तरी आठवतोच. कारण आबा गेले ते त्याच बाकावर.

थंडीत आमच्याकडे शेतात भरिताच्या पार्ट्या होतात. त्या दिवशीही झाली. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, कळण्याच्या पुऱ्या तळल्या. डॉक्टरभाऊ आबांना खेटूनच बसले होते. चुलतभावानं मोबाइलवर फोटो काढला, त्यात दोघं एकमेकांच्या ताटात भरीत वाढताहेत आणि दोघांचीही तोंडं हसून उघडी आहेत. संध्याकाळी आबांच्या छातीत जळजळायला लागलं. ते आपले चालत दवाखान्यात गेले. बंद करायची वेळ झाली होती, दुसरं कोणी नव्हतं. डॉक्टरभाऊंनी इंजेक्शन दिलं आणि थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. आबा बाकावर बसले ते उठलेच नाहीत. शवविच्छेदनात निघालं, हार्ट अटॅक.

पण त्याच्या आधीच बातमी निघून गेली होती. चुलतभाऊ रागाच्या भरात एका यूट्यूब चॅनलवाल्याशी बोलला आणि तो फोटोही देऊन बसला. चॅनलवाल्यानं फोटो मधोमध कापला. डावीकडे आबा, उजवीकडे डॉक्टरभाऊ, मध्ये कडाडणारी वीज. खाली लाल अक्षरांत, 'चुकीच्या इंजेक्शनने प्रगतशील शेतकऱ्याचा बळी? रुग्णाचा तडफडून मृत्यू!' आबांना जिवंतपणी कुणी प्रगतशील म्हटलं नव्हतं. आणि तडफडून गेले, हे पाहिलं कुणी? तिथे तर डॉक्टरभाऊंशिवाय कुणीच नव्हतं. पण जिभेला हाड नसलं की काय काय दिसतं!

दुसऱ्या दिवशी माईक घेऊन माणूस ओट्यावर हजर. आईला म्हणाला, "ताई, आता तुम्हाला काय वाटतंय?" मला त्याला तिथून हाकलून द्यायचं होतं. आई शांतपणे म्हणाली, "माले काय इचारतस? डॉक्टरभाऊ दारवर येतीन. त्यासनाच तोंडतून आयकसू मी."

आमच्याकडे घरात माणूस गेलं की ओळखीपाळखीचे सगळे दारावर येतात. काही विशेष बोलायचं नसतं. बसायचं, गेलेल्याच्या चार आठवणी काढायच्या, उठायचं. भांडणतंटा असलेले भाऊबंदही येऊन बसतात. त्यामुळे डॉक्टरभाऊ येतील याबद्दल आईला शंकाच नव्हती. बाहेर मोटारसायकल थांबली की ती पदर सारखा करायची. सुतक फेडणारी गंधमुक्ती झाली, पाहुणे पांगले, ते आले नाहीत. कुणाकडून तरी निरोप कळला. वकिलानं बजावलं होतं, दारावर गेलात तर चूक कबूल केल्यासारखं होईल, आणि तिथे कॅमेरा असणारच.

पुढे चौकशी झाली. इंजेक्शन पित्ताचं होतं आणि बरोबर होतं, असा निर्वाळा मिळाला. ही बातमी आतल्या पानावर, बियाण्याच्या जाहिरातीखाली, चिमूटभर आली. चॅनलवाला तोवर दुसऱ्याच कुणाच्या तरी ओट्यावर पोचला होता. इंजेक्शन बरोबर होतं, मान्य. माझा प्रश्न वेगळाच होता. छातीचं दुखणं घेऊन आलेल्या माणसाची ईसीजीची पट्टी का काढली नाही? हे कुणी विचारलंच नाही. टोचलेली सुई पडद्यावर दाखवता येते, न काढलेली पट्टी कशी दाखवणार?

आईला पट्टीचं काही नव्हतं. तिला तो एकच शब्द चिकटला होता. भाजी निवडता निवडता तिचा हात थांबायचा आणि ती विचारायची, "तुना आबा तडफडनात व्हतीन का व?" मी नाही म्हणायची. पण मी कुठे तिथे होते?

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरभाऊंची बायको गेली. आईचा धुळ्याला फोन, "ये, दारवर जानं शे."

मी उसळलेच. आबांच्या वेळी ते कुठे आले होते? "त्या ऊनात का आपला दारवर?"

"त्या ऊनात नहीत म्हनीसन आपनबी जावानं नही का?"

गेलो. समोरच्या खोलीत सतरंजीवर डॉक्टरभाऊ एकटेच बसले होते. किती वाळले होते! आईला बघून त्यांनी हात जोडले, ते खाली घेतलेच नाहीत. आई समोर बसली. वहिनींबद्दल दोन शब्द बोलली, मग माझ्याकडे बोट करून सरळच विचारलं, "भाऊ, हिना आबा तडफडनात का?"

"नाही हो, अक्का," ते म्हणाले. "हसत होते. मी म्हटलं, भरीत भोवलं तुम्हाला. तर म्हणाले, तुम्ही माझ्यापेक्षा जास्त खाल्लं, मग मलाच कसं भोवलं? असं म्हणत बाहेर जाऊन बसले. मी आतले दिवे बंद करून आलो, तर मान कललेली. चेहरा तसाच, हसरा."

आईनं पदर डोळ्यांना लावला. डॉक्टरभाऊ आता माझ्याकडे बघत होते. "मशीन शेजारच्याच खोलीत होतं, बेटा. दुसरा कुणी असता तर पट्टी काढली असती. आबा होते, म्हणून नाही काढली."

हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायला मी किती वर्षं थांबले होते. पुढे काय बोलायचं तेही ठरलेलं होतं. पण जीभ बघून घरातलं जेवण ओळखणारा हा माणूस मला ज्या ओळखीसाठी आवडायचा, त्याच ओळखीनं माझे आबा नेले, हे लक्षात आलं. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्यांच्या कुशीत शिरून रडावंसंही वाटलं.

आईनं डोळे पुसले. "जेवनात का भाऊ तुम्हीन?" तिनं विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. शेजाऱ्यांनी पाठवलेला डबा कोपऱ्यात तसाच पडला होता. आई मला म्हणाली, "वाढ त्यासले."

मी ताट घेतलं, खिचडी वाढली. ते मान खाली घालून जेवत राहिले. आई समोर बसून, "आखो ल्या जराशी," असा आग्रह करत होती. मी त्यांना माफ केलेलं नाही. पण दुसऱ्यांदा वाढलं, तेही मीच.