भाडेकरूंची कॉपी, पाहुण्यांना नोटीस

सासूबाईंच्या दहाव्याच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या सगळ्या नातेवाइकांना जागा रिकामी करण्याची नोटीस पाठवली.

हेतू वाईट नव्हता. (माझा कधीच नसतो. तेच तर दुःख आहे!) त्यांच्या दुखण्यात मी ऑफिसच्या कामातून डोकं वर काढलं नाही, निदान दहाव्याला तरी भुकूमच्या सासरी उपयोगी पडावं म्हणून पाहुण्यांना वेळ कळवायचं काम मागून घेतलं.

आमच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक गोष्टीची एक व्याख्या असते: कोणती माहिती भरायची आणि तिचं पुढे काय करायचं. नवी व्याख्या कोऱ्यापासून कुणी करत नाही. जवळची एखादी कॉपी करायची आणि रकाने बदलायचे. सासऱ्यांच्या खोल्यांसाठी मी ‘भाडेकरू’ केलेलाच होता. त्याची कॉपी केली, नाव दिलं ‘पाहुणे’. ‘खोली’च्या जागी ‘गाव’. ‘खोली सोडण्याची तारीख’ हे नाव बदलून ‘दहाव्याची तारीख’. वर दिसलं ते सगळं बदललं. आत त्या तारखेला बांधलेला, आदल्या दिवशी जाणारा निरोप मात्र जसाच्या तसा आला होता!

संध्याकाळी तो आपोआप सगळ्यांना गेला: ‘आपली मुदत उद्या संपत आहे. सामान आवरून ठेवावे. आपल्या जागी दुसऱ्याची सोय झाली आहे.’

आमचे बहुतेक पाहुणे सत्तरीच्या पुढचे!

पहिला फोन सासऱ्यांच्या पौडच्या बहिणीचा. “जावईबापू, आवं मी गोळ्या येळेवर घेतीय की! कुनी काय सांगितलं तुमाला?”

मी माफी मागत सुटलो. सासरे भिंतीला टेकून ऐकत होते. त्यांनी एवढंच विचारलं, “ताम्हिणीला बी गेलं का?”

गेलं होतं. ताम्हिणीचे मामा म्हणजे सासूबाईंचे एकुलते भाऊ. जमीन विकण्यावरून त्यांचं आणि सासऱ्यांचं बोलणं कित्येक वर्षं बंद. मयतीला आले, ते लांब उभे राहून परत गेले. आणि दुखवट्याची टोपी बायकोच्या माहेरच्यानंच नवऱ्याच्या डोक्यावर घालायची, ही सासरची रीत. माहेरचं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

“आता कशाला येतोय त्यो,” म्हणत सासरे भिंतीकडे तोंड करून पडले.

बायको म्हणाली, “तू आता कशालाही हात लावू नकोस. पंख्याच्या बटणालासुद्धा!”

दुसऱ्या दिवशी नदीवर विधी उरकले. सासरे उघड्या डोक्यानं रस्त्याकडे बघत बसलेले.

“दादा, निघायचं ना?” मी त्यांना विचारलं.

“यष्टी येऊ दे.”

“कोण येणार आहे?”

“कुनी न्हाई.”

एसटी आली. मामा उतरले ते ओरडतच. “माझी मुदत संपली व्हय रं? भन गेली, आता मला बी घालवतोस?”

“मी न्हाई,” सासरे म्हणाले. “जावयानं.”

इतक्या वर्षांनी दोघं बोलले ते माझ्या नालायकीवर! मी मध्ये उभा राहून सगळी हकिगत सांगितली.

“म्हंजी भाडेकऱ्याचं नाव बदलून आमाला पाहुनं केलं?”

“हो.”

मामा सासऱ्यांकडे वळले. “आन् ह्याला कंपनी पगार देती?”

“देती म्हनं,” सासरे म्हणाले.

मामांनी पिशवीतून पांढरी टोपी काढली आणि सासऱ्यांच्या डोक्यावर घातली. हात तिथंच राहिला. दोघंही रडले. मीही रडलो, पण माझं सांत्वन करायला कुणी मोकळं नव्हतं.

मग मामा माझ्याकडे बघून म्हणाले, “जावईबापू, एक टोपी तुमाला बी आनाया पायजे हुती. ज्याचं कायमचं गेलंय, त्याला घालत्यात.”

“माझं काय गेलं?”

मामांनी माझ्या कपाळावर बोटानं नुसतं टकटक केलं.

मी निमूटपणे डोक्याचं माप सांगितलं.