सेवेरिना टीचरनी जोडलेला स्टँड

भूगोलाचा तास सुरू झाला की सेवेरिना टीचर फळ्याच्या कोपऱ्यात आधी एक बाण काढायच्या आणि त्याच्या टोकाशी ‘उ’ लिहायच्या. नकाशा काढायचा नसला तरी. त्या दिवशी पाऊस शिकवायचा असो नाहीतर माती, बाण हवाच. “आधी उत्तर शोधा, मग उत्तर लिहा,” हे त्यांचं वाक्य आचऱ्यातल्या माझ्या वयाच्या कुणालाही अजून पाठ असेल. वर्गात त्या घोटीव, शुद्ध मराठी बोलत. शाळेचं फाटक ओलांडलं की तोंडात मालवणी. पण रागावल्या की घरातसुद्धा वर्गातली मराठी येई, म्हणून त्या शुद्ध बोलायला लागल्या की आम्ही सावध व्हायचो.

त्यांनी लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर चिऱ्याच्या लहानशा घरात एकट्या राहिल्या. मीही पुढे शिक्षिका झाले आणि लग्न होऊन त्यांच्याच वाडीत आले, त्यामुळे आमचं रोजचं जाणं-येणं. एकाहत्तराव्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. पाय सावरला, जीभ सावरली, डावा हात मात्र गेला. दवाखान्यातून परतल्या तेव्हा तो हात मांडीवर ठेवलेल्या पिशवीसारखा दिसत होता.

म्हापशाला राहणारा त्यांचा भाचा नेल्सन त्यांना घेऊन जायला आला. माणूस चांगला होता, खरंच काळजी करणारा. “आंटी, एका हातान तू काय काय करतलंस?” तो म्हणाला. त्याच्या फ्लॅटमध्ये त्यांची खोली तयार होती. इकडचं घर पर्यटकांना देता येईल, तेही त्याने ठरवून टाकलं होतं. टीचर सगळं ऐकून म्हणाल्या, “दोन आठवड्यांनी ये. माका एक काम आसा.”

काम म्हणजे टीव्हीचा स्टँड. त्यांचा टीव्ही उंच कपाटावर होता. पूर्वी त्या उभ्याने भाजी निवडत बातम्या बघायच्या. आता खुर्चीत बसून मान वर करावी लागे आणि रात्रभर मान दुखे. म्हणून त्यांनी मोबाइलवर बघून एक बुटका स्टँड मागवला. तो जोडलेला येत नाही, सुट्या फळ्या येतात, हे मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “ठावक आसा. म्हणान तर मागवलंय.”

खोका आला त्या दिवशी गाडीवाल्याने फोन केला, तिठ्यावर येऊन घेऊन जा. टीचरनी शुद्ध मराठीत सांगितलं, “पत्ता मी घराचा दिला आहे, तिठ्याचा नाही.” पंधरा मिनिटांत खोका ओसरीवर होता.

मी शाळा सुटल्यावर गेले, तर जमिनीवर चटई, चटईवर फळ्या मांडलेल्या, स्क्रू आणि लाकडी खुंट्या वेगवेगळ्या वाट्यांत. मी पुढे सरसावले.

“सुलभा, हात लावू नको. बस.”

सोबतच्या कागदावर अक्षर एक नव्हतं, नुसती चित्रं. मला काही कळेना. टीचरनी कागद गुडघ्यावर ठेवून दोनदा फिरवला आणि म्हणाल्या, “नकाशाच तो. चित्रात स्टँडचा दार खंय आसा ता बघ. तीच ह्येची उत्तर.”

रोज सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर त्या काम करत. फळी भिंतीला टेकवून गुडघ्याने दाबायची. स्क्रू मेणबत्तीच्या मेणात बुडवायचा, म्हणजे तो पेचकसाच्या टोकाला चिकटून राहतो आणि दुसऱ्या हाताने धरावा लागत नाही. एक स्क्रू बसायला कधी पाच मिनिटं लागत, कधी अर्धा तास. घसरून पडला की त्या काठीने तो आपल्याकडे ओढत आणि पुन्हा मेण लावत. मी बसून बघायची. बघत बसणं किती कठीण असतं, ते मला तेव्हा कळलं.

तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. त्या चहाचं आधण ठेवायला आत गेल्या तेवढ्यात मी दोन स्क्रू भराभर पिळून टाकले. त्या आल्या, बसल्या, बोटाने फळी चाचपली आणि म्हणाल्या, “हे दोन स्क्रू माजे नाय.”

“टीचर, मी फक्त—”

“माझ्या हातात एवढा जोर नाही.” शुद्ध मराठी. “कॉपी करून पास झालेली मुलं मला आवडत नाहीत, सुलभा.”

त्यांनी दोन्ही स्क्रू उलटे फिरवून काढले आणि पुन्हा बसवले. पाऊण तास गेला. मी चहा न पिता घरी आले. दोन दिवस तिकडे फिरकले नाही, रागाने आणि लाजेनेही.

गेले तेव्हा त्या खुर्चीत बसल्या होत्या. स्टँड जवळजवळ उभा झाला होता, पण मधली फळी उलटी लागली होती. रंग न दिलेली कड समोर आली होती. ती काढायची तर सगळा सांगाडा पालथा करायला हवा, आणि तो एका हाताने पालथा होईना. बरेच प्रयत्न झाले असावेत. जमिनीवर ओरखडे होते. टीचर डाव्या हाताकडे बघत होत्या. डोळे कोरडे होते, पण मी त्यांना तसं हरलेलं कधी पाहिलं नव्हतं. मी दारातच उभी राहिले.

शेवटी त्या म्हणाल्या, “हयसर ये. मी सांगतंय थंय धर. मी सांगान तेवा सोड.”

मी धरलं. त्या म्हणाल्या तेव्हा वळवलं, म्हणाल्या तेव्हा सोडलं. एका बोटानेही जास्त काही केलं नाही. फळी सुलटी झाली तेव्हा अंधार पडत आला होता. आम्ही दोघी घामाने निथळत होतो. त्या म्हणाल्या, “चाय कर. साखर जास्त घाल.”

रविवारी नेल्सन गाडी घेऊन आला. टीव्ही स्टँडवर होता आणि टीचर समोर खुर्चीत. त्याने स्टँड हलवून बघितला. कुरकुरला, पण हलला नाही.

“कोणी जोडून दिल्यान?”

“कोणी देवक नाय. मी जोडलंय. सुलभान धरला.”

तो खाली बसून एकेक स्क्रू बघत राहिला. मग म्हणाला, “आणि उद्या पडलंस तर, आंटी?”

“पडलंय तर उठान. नाय जमला तर हाक मारीन. पण पडाच्या आदी माका उचलून नेव नको.”

नेल्सन जेवला आणि रिकाम्या गाडीने परत गेला.

त्यानंतर टीचर चार पावसाळे त्या घरात राहिल्या. दोनदा पडल्या. दोन्ही वेळा हाक मारली. स्टँडची मात्र पहिल्याच पावसाळ्यात दशा झाली. खारी, दमट हवा त्या भुशाच्या फळ्यांना कुठली सोसते? तळाची फळी चहात बुडवलेल्या पावासारखी फुगली, एक दार लागेना. त्यांनी पायांखाली कौलांचे तुकडे सारले आणि दाराला सुतळी बांधली. नेल्सनने नवा पाठवतो म्हटलं, तर फोनवर हसून म्हणाल्या, “माजो पण एक हात चलणा नाय. माका खंय बदललंस?” पाहुणा आला की त्याला आधी स्टँड दाखवत. कुणी फुगलेल्या फळीकडे बघितलं की त्या त्याच्याकडे अशा बघत की तो नजर वळवी.

पाचव्या वर्षी दुसरा झटका आला. यावेळी जीभ फारशी सावरली नाही. दवाखान्यातला तरुण डॉक्टर त्यांच्या खाटेपाशी उभा राहून नेल्सनला आणि मला समजावत होता, यांना आता कुठे ठेवायचं, कोण बघेल, कुठली सोय बरी. मध्येच टीचरनी उजव्या हाताने त्याच्या कोटाची बाही ओढली. शब्द जुळवायला वेळ लागला, पण मराठी वर्गातलीच होती.

“डॉक्टर, मला विचारा.”

तो गोंधळला. मग वाकला आणि त्याने विचारलं.

“घरी,” टीचर म्हणाल्या.

आम्ही त्यांना घरी आणलं. नेल्सन रजा टाकून राहिला. त्या अकरा दिवसांत कुणी त्यांना विचारल्याशिवाय उशीसुद्धा सरकवली नाही. पाणी पाजायच्या आधी विचारायचं, कूस बदलायच्या आधी विचारायचं, आणि त्या मानेने हो किंवा नाही सांगायच्या. नाही बऱ्याचदा सांगायच्या.

बाराव्या दिवशी सकाळी मी गेले आणि खिडकी उघडू का म्हणून विचारलं. त्यांनी मान हलवली नाही. मी जवळ जाऊन पुन्हा विचारलं. मग समजलं. तरीही हात कडीवर ठेवून मी थोडा वेळ थांबले, आणि मग खिडकी उघडली.