मशीनगनीचं गळणं

त्या दिशी कचेरीच्या आवारात आमी चौघं हुतो. मी शेवंताबाई, कल्हईवाली. मोठे साहेब. त्यायचा क्लार्क गणेश. आन रिटायर हवालदार उस्मानचाचा. पाचवी ती मशीनगन, निजामाच्या काळातली. आमी उन्हात, तिच्यावर मांडव.

तिच्या अंगातून पाणी गळायलं हुतं. साहेबांनी पाटी रंगवून घेतली हुती, "पाण्यानं थंड राहणारी, कधीच न थांबलेली." गुरुवारी वरचे साहेब व्हिजिटला येणार. त्यायच्यासमोर तिच्यात पाणी भरून दाखवायचं, थेंब पडला न्हाई पाहिजे. कचेरीच्या नळाला तोटी न्हाई, तो कवाचा वाहतोय. पन नळ बघायला कोन येतंय व्हिजिटला.

गेटाजवळच्या कडूलिंबाच्या सावलीत तवा माझा भाता हुता. नवरा गेला तवापासून मीच फुंकते. बाया कल्हई करत न्हाईत, म्हणले लोक. भांडी मातर घेऊन आले. व्हिजिटच्याच म्हैन्यात मला जागा सोडायची नोटीस आलती, ह्याच साहेबांच्या सहीनं.

साहेब म्हणले, "मावशी, एवढं गळणं काढा. नोटीस मी फाडून टाकतो."

मी बसले तिच्याजवळ. मधी लोखंडाची नळी, तिच्यातून गोळी जाती. नळीभवती पितळंचं पिंप. चाचा म्हणले, गोळ्या धडाधडा सुटल्या की नळी लाल हुती, म्हणून भवती पाणी. ते उकळलं की वाफ रबरी पायपानं डब्यात सोडायची, तिथं तिचं पुना पाणी. म्हंजी हिला एक माणूस निस्ता पाणी वाहायला.

"च्या करत असतील," मी म्हणले.

"करतेच थे. तेलाचा वास यायचा." मग चाचा बारीक आवाजात म्हणले, "भाभी, पाणी संपलं तर सगळे शिपाई तिच्यातच मुतायचे. आमचे वालिद निजामाच्या फौजेत होते, ते सांगायचे. बंदूक नई थकती, आदमी थकता."

हे पाटीवर न्हवतं. मी हात धुऊन घेतले आन पुना कामाला लागले.

गळत हुतं दोन ठिकाणी. एक, पोटाला चीर. तिथं आधीच एक जुना डाग हुता. डाग म्हंजी चिरंवर कथील-शिसं वितळून बसवायचं. हात आपल्याच भागातल्या तांबटाचा, मी वळखते. कधीच न थांबलेलीला कुनीतरी आधी बी ठिगळ लावलेलं. मी त्याच्या शेजारी माझं लावलं.

दुसरं गळणं तोंडाशी, नळी पिंपातून भायेर येती तिथं. साहेब म्हणले, तिथं बी डाग द्या.

"साहेब, चाचा म्हणत्यात, गोळी सुटली की ही नळी मागं सरकती. डाग दिला तर जाम हुईल."

"मावशी, ती आता गोळी मारणार आहे का? आतले पार्ट कधीच काढलेत. सांगितलं तेवढं करा."

साहेब मीटिंगला गेले. मी गणेशला म्हणले, इंजनाच्या दुकानातून ग्लँड दोरी आन. हिरीवरच्या पंपाला गळू नये म्हणून दांड्याभवती गुंडाळत्यात ती. गणेश म्हणला, साहेबांनी इचारलं तर? मी म्हणले, माझं नाव सांग, नोटीस मलाच आलीय. दोरी ग्रीसात भिजवून तोंडाशी ठासली. पाणी भरलं, खाली कोरडी राख पसरली. दुपारपस्तोर राख कोरडीच.

गुरुवारी वरच्या साहेबांनी फोटो काढले. मग म्हणले, "ही हलते का?" आमच्या साहेबांचं तोंड पांढरं पडलं. चाचांनी बाजूचा दांडा धरून वढला, मग ढकलला. नळी मागं गेली, फुडं आली. थेंब न्हाई.

वरचे साहेब म्हणले, "बघा, जुनं विलायती काम." आमचे साहेब म्हणले, माझ्या देखरेखीखाली टेस्टिंग केलंय.

नोटीस फाडली. आठ दिसांनी दुसरी आली. मांडव काढायचा हुता, आन एवढी मोलाची वस्तू उन्हात कशी ठिवायची? तिला सावली पाहिजे. आता ती माझ्या जागंवर, लिंबाखाली हाय. भवती साखळी, म्होरं सेल्फी पॉइंट.

मला कळलं ते इतकंच. न गळणाऱ्या वस्तूला जागा मिळती, गळणं काढणाऱ्याला न्हाई.

पन दोरी वरसा-दोन वरसात वाळती, आन हे तिथं कुनालाच म्हाईत न्हाई. तवा तुमी बघायला गेलात तर पाटी वाचू नका. तिच्या तोंडाखाली बोट लावा. वलं लागलं तर मला येऊन सांगा. मी आता पिंगळी गावात टेशनाच्या रस्त्यावर बसते.