खंडेनवमीची रॅकेट

काकूंनी माझ्या हातून रॅकेटी घेतल्या नाहीत. "खाली ठेव गं. तिथेच, दाराजवळ," म्हणाल्या. मी ठेवल्या. त्या आत गेल्या, देवघरातून तांब्याची लोटी घेऊन आल्या, दोन बोटं बुडवली आणि चारही रॅकेटींवर पाणी शिंपडलं. मग त्या उचलल्या आणि पाटावर नेऊन मांडल्या.

खंडेनवमी होती. बाहेर लंडनमधल्या हॅरोचा ऑक्टोबरचा गारठा, आत सेंट्रल हीटिंग आणि शस्त्रपूजा. पाटावर डॉक्टरकाकांचा स्टेथोस्कोप, गाडीची किल्ली, लॅपटॉप, आणि आता रॅकेटी. दोन त्यांच्या मुलीच्या, सईच्या. दोन वेनच्या. वेन म्हणजे त्यांच्याकडे राहायला आलेली चिनी टेनिसपटू. चारही रॅकेटींच्या तारा मी विणल्या होत्या.

अर्ध्या तासापूर्वी याच काकूंनी मला हाताला धरून आत घेतलं होतं. "अगं ये ना, किती फॉर्मल! शूज तिथेच काढ. हे म्हणाले क्लबमध्ये स्ट्रिंगिंगला आपली मराठी मुलगी आलीय. मी म्हटलं, जेवायलाच बोलाव." सोफ्यावर बसवलं. चहा दिला, चांगल्या कपातून. "काय शुद्ध बोलतेस गं! पुण्याची ना?" मी म्हटलं, कॉलेज पुण्याला केलं, गाव अमरावती. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. काकूंचं हसू तिथल्या तिथे अडकलं.

"म्हणजे... तुम्ही कोण?"

"आम्ही चांभार. बाबा जिमखान्याबाहेर चपला शिवायचे आणि तिथेच रॅकेटींचं गटिंग करायचे, तारा विणायचे."

"अच्छा, अच्छा. छान. कष्टाळू असतात हं तुमच्यातले."

आणि माझा कप उचलून नेला. अर्धा चहा होता त्यात.

पाणी शिंपडून झाल्यावर त्यांनी एक प्लास्टिकचा डबा माझ्यापुढे धरला. पुरी, भाजी, श्रीखंड. "आज इथे गर्दी आहे गं. तू घरी जाऊन निवांत जेव." गर्दी म्हणजे काका, काकू, सई आणि वेन. टेबलाभोवती सहा खुर्च्या होत्या, मी मोजल्या.

मी डबा घेतला. "थँक यू काकू" म्हटलं. हे लिहिताना आजही कान तापतात. मी थँक यू म्हटलं.

जिन्यात वेन उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं. दारापर्यंत माझ्याबरोबर आली आणि तिच्या तुटक्या इंग्रजीत विचारलं, पाणी कशाला? मी म्हटलं, आमच्याकडची पद्धत आहे, गुड लकसाठी. धडधडीत खोटं बोलले. अपमान त्यांनी केला आणि झाकला मी. मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीत डबा मांडीवर घेऊन बसले. श्रीखंड गरम होत होतं. घरी जाऊन ते खाल्लंसुद्धा. भूक लागली होती.

बाबा बकऱ्याच्या आतड्याची तार वापरायचे. मी सहा-सात वर्षांची असल्यापासून तारेचं टोक धरून उभी राहायचे. बाबा ताण द्यायचे, मी दाभण लावून भोक अडवायचे, म्हणजे ताण सुटू नये. जिमखान्यातले साहेब खिडकीतून रॅकेट बाहेर सरकवायचे आणि खिडकीतूनच परत घ्यायचे. बाबांना कधी कोर्टावर पाय ठेवू दिला नाही. त्यांनी विणलेली रॅकेट मात्र रोज आत जायची. मला वाटलं होतं, समुद्र ओलांडला की खिडकी संपली. ब्रिस्टलला खेळाच्या साहित्याचा कोर्स केला, मशीनवर काम शिकले, क्लबने मागची एक खोली दिली. तिथे बसून मी विणायचे. रॅकेटीवर चिठ्ठी लावायचे, त्यावर ताण, तारीख आणि माझं फक्त पहिलं नाव. आडनाव लिहीत नव्हते. का लिहीत नव्हते ते मला पक्कं ठाऊक होतं.

वेन त्या खोलीत येऊन बसायची. स्पर्धांना येणाऱ्या खेळाडूंना क्लबच्या मेंबरांनी घरी ठेवून घ्यायचं, अशी तिथली पद्धत होती. डॉक्टरकाका क्लबच्या कमिटीवर. त्यांनी वेनला ठेवून घेतलं, बदल्यात तिने सईबरोबर रोज तासभर खेळायचं. त्या घरात वेनची ताटली वेगळी होती. चहाचा मगसुद्धा वेगळा, त्याला निळी चिकटपट्टी लावलेली. "काहीही खातात गं हे लोक," काकू मला म्हणाल्या होत्या, माझं आडनाव कळायच्या आधी. वेनला वाटायचं ही पाहुण्यांची खास व्यवस्था आहे.

चेंडूंच्या उलट्या क्रेटवर बसून तिने मला तिची गोष्ट सांगितली, तुकड्या-तुकड्याने. आठ वर्षांची असताना खेळाच्या सरकारी शाळेत टाकलं. कोचने उंची मोजली, मनगट मोजलं, आणि सांगितलं, उंच मुली सिंगल्स खेळतील, तू डबल्स. ती रात्रभर रडली. मग रडणं थांबवून नेटपाशी उभी राहिली आणि तिथून हललीच नाही. विसाव्या वर्षी अशी स्थिती होती की शेजारी कोणालाही उभं करा, वेन जिंकणार. आणि खरोखरच कोणालाही उभं करायचे. पार्टनर ती निवडत नव्हती. वरून कागद यायचा. एकीबरोबर सूर जुळला, स्पर्धा जिंकली, की पुढच्या महिन्यात दुसरी. तिच्या फायनल्स पार्किंगशेजारच्या कोर्टवर व्हायच्या. पेपरात एक ओळ यायची, तीही कधी यायची, कधी नाही.

तिने मला खुणा शिकवल्या. डबल्समध्ये नेटपाशी उभी असलेली खेळाडू पाठीमागे हात नेऊन बोटांनी पार्टनरला सांगते. उघडा पंजा म्हणजे मी बाजू बदलते, तू पलीकडे जा. बंद मूठ म्हणजे जागेवर राहा. तोंडाने काही बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही.

पुढच्या जूनमध्ये क्लबची हिरवळीवरची स्पर्धा झाली. वेनने डबल्स जिंकलं. पार्टनर तिच्याच देशाची, एक अबोल मुलगी. हिरवळीवर बक्षीस समारंभ. टोप्या, स्ट्रॉबेरी, पांढरे कपडे. सेक्रेटरीने सिंगल्स जिंकणारीचं पूर्ण नाव घेतलं, तिच्या गावाचं नाव घेतलं, कुत्र्याचंसुद्धा घेतलं. मग कागद उलटला आणि म्हणाला, "अँड द डबल्स, अवर टू चायनीज गर्ल्स!"

टाळ्या झाल्या. वेन जागची हलली नाही.

सेक्रेटरीने हसून पुन्हा बोलावलं. तेच शब्द. वेन उभी. पार्टनर निघाली होती, वेनने पाठीमागे हात नेला. मूठ बंद. पार्टनर थांबली. टाळ्या विरल्या. कोणीतरी खोकलं. डॉक्टरकाका पहिल्या रांगेतून कुजबुजले, "गो ऑन, गो ऑन." वेन सेक्रेटरीला एवढंच म्हणाली, "वुई हॅव नेम्स."

सेक्रेटरीचा चेहरा लाल झाला. कागदावर नावं होती, फक्त वाचायचे कष्ट नको होते. शेवटी त्याने वाचली. अडखळत, चुकत, पण वाचली. दोघींची. मग त्या गेल्या आणि कप घेतला.

मी माझ्या खोलीच्या दारात उभी होते आणि मला काकूंचा डबा आठवत होता. हिने नाव नाही तर कप नको म्हटलं. मी नाव गिळलं आणि श्रीखंड खाल्लं. माझी मला इतकी चीड कधी आली नव्हती.

त्या संध्याकाळी मी वेनला खरं सांगितलं. पाणी कशाला, ते. जात म्हणजे काय हे इंग्रजीत सांगताना माझी दमछाक झाली. तिने शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला. "अँड यू? व्हॉट डिड यू डू?"

"आय टुक द फूड," मी म्हटलं.

ती उठली आणि तिच्या रॅकेटी पिशवीत भरू लागली. काही बोलली असती तर बरं झालं असतं.

ऑक्टोबर आला. वेन इनडोअर स्पर्धांसाठी परत आली, त्याच घरी उतरली. आता तिचं नाव झालं होतं. काकूंचा फोन आला, आवाजात मध. "नवमीला रॅकेटी घेऊन ये हं. सईच्या दोन, वेनच्या दोन. सईलाही वेनचीच तार हवी, बेस्ट क्वालिटी. आणि गॅरेजच्या बाजूने ये, समोर पाहुणे असतील." मी हो म्हटलं. मनात बेत शिजला होता. माझ्या हातात एक हत्यार होतं, असं मला वाटत होतं.

कारण वेनची तार गायीच्या आतड्याची असते. उत्तम तार तीच. नेटपाशी हलक्या हाताने खेळणाऱ्याला तीच लागते. एका रॅकेटीला एका गायीत भागत नाही. ती तार लावलेल्या रॅकेटी गेल्या वर्षी काकूंनी देवापुढे मांडल्या होत्या, हळदकुंकू वाहिलं होतं, वर झेंडूचं फूल ठेवलं होतं. म्हटलं, आता सांगते. चार पाहुण्यांसमोर सांगते. पाटावरचं सगळं बाहेर फेकतील आणि तोंड लपवत फिरतील.

मी समोरच्या दाराने गेले. बेल वाजवली. सईने दार उघडलं, मी तडक आत. दिवाणखान्यात दोन-तीन कुटुंबं, रेशमी साड्या, जिलबीचा वास. वेन पाटाशेजारी उभी. काकू लगबगीने आल्या, हातात लोटी तयारच.

"अगं, गॅरेजच्या... बरं, असू दे. ठेव तिथे खाली."

मी ठेवल्या नाहीत. रॅकेटी काखेत धरल्या आणि दोन्ही हात पुढे केले.

"आधी यांच्यावर ओता, काकू. तार या हातांनी ओढलीय."

काकू हसायला बघत होत्या. "अगं, काय हे, आपण इथे असलं काही मानत नाही. पाणी म्हणजे आपलं शुद्धीसाठी."

"कशाची शुद्धी? ही तार गायीच्या आतड्याची आहे. गेल्या वर्षी तुम्ही तिचीच पूजा केलीत."

आता होईल, आता होईल, म्हणून मी बघत राहिले. एक बाई साडी सावरून मागे सरकली. बाकी काही झालं नाही. डॉक्टरकाका पुढे आले, आवाज अगदी खाली, ऑपरेशनच्या टेबलाशी असावा तसा.

"ते ठाऊक आहे आम्हाला. मीच मागवलीय ती. स्पोर्ट्ससाठी चालतं."

एका सर्जनला मी आतडं शिकवायला निघाले होते! त्याला पहिल्यापासून माहीत होतं. काकूंनाही माहीत होतं, त्यांच्या डोळ्यांत दिसलं. गाय कापलेली चालते. तिचं आतडं देवापुढे चालतं. कुंकू लावून चालतं. मी चालत नाही. पाणी तारेतल्या गायीसाठी नव्हतंच, माझ्या बोटांसाठी होतं. वर्षभर मी समजत होते की त्यांना काही कळत नाही म्हणून ते असं वागतात. त्यांना सगळं कळत होतं.

"तू आता जा," काका म्हणाले. "क्लबमध्ये बोलू." क्लबमध्ये बोलू म्हणजे काय ते मला कळलं. माझी खोली त्यांच्या कमिटीच्या हातात होती.

काकूंनी टेबलावरून डबा उचलला. यंदाही भरून तयार ठेवला होता. "हे घे आणि नीघ."

माझा पाय मागे वळत होता. खरं सांगते, वळत होता. वेन पाटापासून निघून माझ्या पुढे येऊन उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून. तिचा हात पाठीमागे गेला. मूठ बंद.

मी राहिले.

"डबा नको," मी म्हटलं. "जेवायला बोलावलंत तर टेबलावर बसून जेवीन. नाही तर तुमच्या घरची एकही रॅकेट मी विणणार नाही. सईची नाही, कोणाची नाही. दुसरे हात शोधा. शोधताना आडनाव विचारून घ्या." आणि रॅकेटींवरच्या चिठ्ठ्या दाखवल्या. त्या दिवशी चारही चिठ्ठ्यांवर मी माझं पूर्ण नाव लिहिलं होतं, मोठ्या अक्षरांत.

कोणी बस म्हटलं नाही. तेव्हा सईच्या दोन रॅकेटी सईच्या हातात दिल्या, वेनच्या वेनला, आणि ज्या दाराने आले त्याच दाराने बाहेर पडले. रडले नाही.

पंधरा दिवसांत क्लबचं पत्र आलं. खोली दुसऱ्या कामासाठी हवी आहे. वेन दुसऱ्या मेंबरच्या घरी राहायला गेली. पुढे काही वर्षांनी तिने कागदाची वाट बघणं सोडलं, पार्टनर स्वतः निवडली, आणखी जिंकली, गुडघा गेला तेव्हा थांबली. शेवटपर्यंत डबल्सच खेळली. तिच्या रॅकेटी शेवटपर्यंत मी विणल्या.

मशीन आता माझ्या घरात आहे, दुकानावरच्या दुसऱ्या मजल्यावर. खाली दारावर पाटी आहे, त्यावर पूर्ण आडनाव. काही मराठी लोक ती वाचून परत जातात. जाऊ देत.

गेल्या महिन्यात काकूंचा फोन आला. सईची काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, संघासाठी निवड चाचणी, कोणाच्याच हाताला तसा ताण येत नाही. "झालं गेलं विसर ना गं. ड्रायव्हरबरोबर पाठवते."

"ड्रायव्हर नको," मी म्हटलं. "तुम्ही या. दोन जिने चढून. रॅकेट माझ्या हातात द्या, माझ्या खुर्चीवर बसा आणि माझ्या घरचं पाणी प्या. पेला रिकामा झाला की मशीन सुरू करीन."

त्यांनी फोन ठेवला. अजून आल्या नाहीत. मी वाट बघत बसलेले नाही, हाताशी काम भरपूर आहे. पण अट तीच आहे, आणि ती एका थेंबानेही कमी होणार नाही.