साहेबाचा कट्टा

आज सकाळी बाजारात शिरले आणि ताज्या रंगाचा उग्र वास नाकात भरला. जयंती जवळ आली की चौकातल्या पुतळ्याभोवतीचे लोखंडी कुंपण रंगवतात. मासळीच्या वासात जन्म गेला माझा, पण या वासाने डोके अजून तापते.

तिथे पूर्वी एका गोऱ्या साहेबाचा अर्धपुतळा होता. खाली काळ्या दगडाचा ऐसपैस कट्टा, वर चिंचेची सावली. गव्हाण गावाकडच्या आम्ही पंधरा-वीस बाया त्या कट्ट्यावर पाट्या मांडून बसायचो. साहेबावर आमचे प्रेम नव्हते. त्याच्या राज्यात शिपाई पाटीतली मासळी फुकट उचलून कशी न्यायचे, ते सासूने मला शंभरदा सांगितले होते. म्हणून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ‘साहेब हटवा, आपला क्रांतिवीर बसवा’ अशी हाक उठली, तेव्हा मला ती पटली. पनवेलात मात्र साहेब ठेवा आणि साहेब हटवा असे दोन तट पडले. दुकाने बंद झाली, एकदा दगडही उडाले. अशात स्मारक समितीचे अध्यक्ष, एक निवृत्त मास्तर, माझ्याकडे आले.

“मावशी, मोर्च्यात तुम्ही बाया पुढे असलात तर कोण अडवतो बघू!”

“येतो ना. पन साहेबाला उचला, कट्ट्याला हात नाय लावायचा. आमी बसायचं कुठं, तुमच्या डोस्क्यावर?”

ते हसले. “कट्टा तुमचाच. शब्द दिला.”

कल्ला उचलून ताजेपणा पाहिल्याशिवाय मी कधी मासा घेतला नाही. त्या दिवशी नुसता शब्द घेतला, आणि माझ्या भरवशावर साऱ्याजणी मोर्च्यात पुढे चालल्या. ढकलाढकलीत एकीचे मनगट मोडले. साहेब हटला. पावसाळा सरताच कट्ट्यावर पहारी पडल्या. नवा चौथरा उंच झाला, गुळगुळीत, आणि भोवती कुंपण, कुंपणाला कुलूप.

मी मास्तरांच्या दारात उभी राहिले. “शब्द दिलता ना?”

“अहो मावशी, क्रांतिवीराच्या पायाशी मासळी शोभते का?”

मग मी जे तोंड सोडले, ते ऐकायला सारी आळी खिडक्यांत आली. कट्टा काही परत आला नाही.

पुढे धडपडून मी मंडईत गाळा घेतला. क्रांतिवीरावर माझा राग नाही. येता-जाता हात जोडते. बाकीच्या बाया अजून रस्त्याकडेला उन्हात बसतात, हटवायला पालिकेची गाडी आली की पाट्या उचलून पळतात. बर्फ न्यायला माझ्याकडेच येतात, लेकीसुनांचे सांगतात, हसतात. इतकी वर्षे सरली, त्या मोर्च्याचे नाव एकीनेही काढलेले नाही. एखादीने भर बाजारात मला शिव्या घातल्या असत्या, तर मी, एवढ्या तोंडाची बाई, त्या निमूट ऐकून घेतल्या असत्या.